चटई कारखान्यातला बाँड आणि शेठच्या कपाटातले दोन चेक

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात ७ वर्षं सुपरवायझर असलेल्या भावाचा प्रश्न आहे. नोकरीला लागताना त्यांनी १०० रुपयांच्या स्टॅम्पवर सही केली. नोकरी सोडल्यावर ३ वर्षं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत प्लॅस्टिकच्या कुठल्याही कारखान्यात काम करणार नाही, स्वतःचा धंदा टाकणार नाही, आणि मोडलं तर ५ लाख रुपये भरीन, असं त्यात लिहिलंय. सोबत सही केलेले दोन कोरे चेक आणि आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट शेठच्या कपाटात आहे. आता धुळ्याहून ऑफर आली आहे, २२ हजारांच्या जागी ३१ हजारांची. शेठला कुणकुण लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा, मग बघतो." विचारणं दोन आहे: हा बाँड कोर्टात टिकतो का, आणि बायकोच्या नावावर दोन लूम टाकले तर चालतील का.

भाऊ, पहिल्याचं उत्तर लगेच देतो. नोकरी संपल्यानंतरची ती ३ वर्षांची बंदी टिकत नाही. पण माझ्या मते तुमची खरी अडचण बाँड नाहीच. ती त्या दोन चेकांत आहे, आणि कदाचित तुमच्या मोबाईलमध्ये. गेली चोवीस वर्षं मी जळगावला वकिली करतो, कधी शेठकडून उभा राहतो, कधी कामगाराकडून. बाँडमुळे बुडालेला माणूस मी अजून पाहिला नाही. चेकमुळे आणि पेनड्राइव्हमुळे अडकलेले बरेच पाहिले.

आधी बाँड का टिकत नाही ते बघू. आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम २७ जेमतेम दोन ओळींचं आहे: कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा उद्योग करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. इंग्लंडच्या कोर्टांत "बंदी वाजवी आहे का" हे तपासतात. मुदत किती, अंतर किती, असं मोजमाप तिथे चालतं. आपल्या कलमात 'वाजवी' हा शब्दच नाही. १८७४ साली कलकत्त्याला एक खटला झाला, त्यात हे पक्कं झालं. एकाच भागात भांडी घडवणारे दोन दुकानदार. एक दुसऱ्याला म्हणाला, तू इथलं दुकान बंद कर, तुझ्या कारागिरांना दिलेली ९०० रुपयांची उचल मी भरतो. त्यानं दुकान बंद केलं आणि पहिल्यानं पैसे दिलेच नाहीत. कोर्टात गेल्यावर निकाल असा लागला की एका भागापुरती बंदी असली तरी हा करार रद्द, त्यामुळे त्यातले पैसेही मागता येणार नाहीत. बिचाऱ्याचं दुकानही गेलं आणि नऊशेही. पुढे १९५८ मध्ये विधी आयोगानं सुचवलं की वाजवी बंदीला जागा द्यावी. ते झालं नाही. कलम आजही तसंच आहे.

म्हणून "तीनच जिल्हे आहेत, तीनच वर्षं आहेत, म्हणजे वाजवी आहे" हा शेठच्या सल्लागाराचा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. असे बाँड बहुतेक वेळा कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या नमुन्यावरून उतरवलेले असतात. गावांची नावं तेवढी बदलतात. मी एका बाँडमध्ये "कोणत्याही राज्यात अथवा काउंटीत" असं वाचलंय. खाली सही यावलच्या पोराची!

स्टॅम्पचंही सांगून टाकतो, कारण लोकांना त्याची फार भीती असते. स्टॅम्प म्हणजे सरकारला दिलेली फी. १०० चा असो की ५०० चा, नोटरीचा शिक्का असो की नसो, रद्दबातल कलम त्यानं जिवंत होत नाही. मात्र कलमातले "त्या मर्यादेपर्यंत" हे शब्द लक्षात ठेवा. बाँडमधली बंदी गळते, बाकीचा बाँड गळत नाही. नोटीस पिरियड, गुप्तता, शेठचं सामान परत करणं, हे सगळं उभंच राहतं.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते. चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, आणि त्यांवर उत्तर फिरू शकतं.

पहिली गोष्ट, तुमची नोकरी ठरावीक मुदतीची आहे का? हा मुद्दा हलका घेऊ नका, कारण यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल नेमका एका शिफ्ट सुपरवायझरचाच आहे. निरंजन गोलिकरी, कल्याणच्या रेयॉन कारखान्यात टायर कॉर्ड विभागात होते. १९६३ मध्ये ५ वर्षांचा करार केला, कंपनीनं काही महिने शिकवलं. कंपनीनं ते तंत्रज्ञान हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आणलेलं होतं. दीड-दोन वर्षांत गोलिकरी नोकरी सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात ५६० रुपये महिन्यावर गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. शेठ लोकांचे वकील हा निकाल हमखास काढतात. पण तो नीट वाचला तर दिसतं की मनाई फक्त त्या ५ वर्षांच्या मुदतीपुरती, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत होती. करार चालू असताना दुसरीकडे जाऊ नकोस, एवढंच. करार संपल्यावरचं काही नाही. तुमचा बाँड मुदतीचा नसेल आणि तुम्ही रीतसर राजीनामा देऊन, नोटीस भरून निघालात, तर गोलिकरींचा निकाल तुम्हाला लागत नाही.

करार संपल्यानंतरचं बघायचं तर क्रिकेटवाला झहीर खान आठवा, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. त्याच्या जाहिराती बघणाऱ्या कंपनीशी ३ वर्षांचा करार होता. करार संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं, अशी अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मुदत संपल्यानंतर असा हात धरता येत नाही. कलम २७ लागू. क्रिकेटपटूला लागलं ते चटईच्या सुपरवायझरलाही लागतं.

दुसरी गोष्ट, "इतकी वर्षं नोकरी करीन, आधी सोडली तर इतके पैसे भरीन" असं काही बाँडमध्ये आहे का? ही बंदी नव्हे, हा सेवेचा बाँड, आणि याचं गणित वेगळं आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात ३ वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्याबद्दलचे २ लाख रुपये योग्य ठरवले. सरकारी बँकेला पुन्हा भरतीची लांबलचक प्रक्रिया करावी लागते, हा विचार त्यामागे होता. खासगी कारखान्यात करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट बघणार की तुझ्यावर खरंच खर्च झाला का, तोटा किती. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, तो आपोआप मिळत नाही. तुमची तर ७ वर्षं झालीत, त्यामुळे हे तुम्हाला बहुधा लागत नाही. धाकट्या भावाला लागू शकेल म्हणून सांगितलं.

तिसरी गोष्ट, तुम्ही कधी 'वर्किंग पार्टनर' म्हणून सही केली आहे का? हसू नका. एका डाळमिलच्या मुनीमाला मालकानं करासाठी ५ टक्क्यांचा भागीदार करून ठेवलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. १९३२ च्या भागीदारी कायद्यात बाहेर पडणाऱ्या भागीदारावर वाजवी मुदतीची आणि हद्दीची बंदी घालता येते. तिथे मग तीन वर्षं, तीन जिल्हे या चर्चेला अर्थ येतो. चौथी गोष्ट म्हणजे धंद्याची विक्री. आपलं चालतं दुकान नावासकट विकून समोरच पुन्हा गाळा टाकायचा नाही, अशी अट चालते. कलम २७ ला कायद्यानं दिलेला हा अपवाद आहे. तुम्ही पगारदार आहात, तुम्ही काही विकलेलं नाही.

तर बाँड बाजूला ठेवू आणि चेकांकडे येऊ. इथे तुम्ही खरोखर सावध व्हा.

कोरा चेक दिला म्हणजे तो निरुपयोगी आहे, असं लोक समजतात. उलट आहे. सही तुमची असेल तर बाकी मजकूर दुसऱ्यानं भरला तरी तो देण्यापोटी दिलेला चेक आहे असं कायदा धरून चालतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. "देणं नव्हतं" हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शेठ उद्या चेकवर तारीख आणि ५ लाखांचा आकडा घालून बँकेत टाकेल, चेक परत येईल, ३० दिवसांत नोटीस येईल, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या महिनाभरात चेक न वटल्याबद्दल कलम १३८ ची फौजदारी तक्रार. तक्रारीत तो बाँडचं नावही काढणार नाही. "हातउसने दिले होते" म्हणेल. शिवाय खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

अमळनेर तालुक्यातला एक फिटर माझ्याकडे आला होता. दारातच म्हणाला, "वकीलसाहेब, मन्हा चेक शेठकडे से, आते कसं व्हई?" तोवर चेक ४ लाखांचा होऊन परत आलेला होता. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली, हा सुरतला. आईनं सही करून पाकीट देवघरात ठेवलं. उत्तर गेलंच नाही. पुढे चार वर्षं तारखा. उलटतपासात मी शेठला विचारलं की ४ लाख कुठल्या महिन्यात दिले. मग वहीखात्यातलं ते पान दाखवायला सांगितलं. पान नव्हतं. इन्कम टॅक्सच्या विवरणातही असं उसनं कुठे नव्हतं. फिटर सुटला. पण दर तारखेला सुरतहून येण्याचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर त्याला ते सुटणं केवढ्याला पडलं, याचा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून राजीनाम्याच्या आधी हे करा. जुन्या चेकबुकची मागची पानं काढा, त्या दोन चेकांचे नंबर शोधा. सापडलं नाही तर बँकेतून न वटलेल्या चेकांची यादी मिळते. मग शेठला साध्या मराठीत पत्र लिहा: अमुक नंबरचे दोन कोरे चेक नोकरीला लागताना सुरक्षा म्हणून घेतले होते, मी आपल्याकडून कुठलंही कर्ज किंवा उचल घेतलेली नाही, चेक आणि मूळ सर्टिफिकेट परत द्यावं. उचल घेतली असेल तर ती आधी फेडा आणि पावती घ्या, खोटं लिहू नका. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. बँकेला स्टॉप पेमेंट द्या, पण तेवढ्यानं सुटलात असं समजू नका. पेमेंट थांबवल्यामुळे किंवा खातं बंद केल्यामुळे परत आलेला चेकही १३८ मध्ये बसू शकतो. तुमचं खरं संरक्षण ते पत्र आहे, कारण ते भांडणाच्या आधीचं आहे. भांडणानंतर "चेक कोरे होते" सगळेच म्हणतात.

आणि घरच्यांना सांगा, टपालानं नोटीस आली तर फोटो काढून लगेच पाठवायचं.

सर्टिफिकेटचं सोपं आहे. दुसऱ्याचं मूळ प्रमाणपत्र नोकरीची हमी म्हणून अडवून ठेवायला काही आधार नाही. तरी पोलीस बहुधा "दिवाणी मामला आहे" म्हणून हात झटकतात. पत्रानंतर वकिलाची नोटीस गेली की निम्म्या वेळा सर्टिफिकेट निमूटपणे गेटवर येतं. समांतरपणे आयटीआयकडे दुय्यम प्रतीचा अर्ज टाकून ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आता मोबाईल. सात वर्षांत तुम्हाला काय येतं? रिसायकल प्लॅस्टिकच्या दाण्यात नवा दाणा किती घालायचा, गडद रंगाला मास्टरबॅच (रंगाचा दाणा) कमी का लागतो, मे महिन्यात शेड तापल्यावर एक्स्ट्रूडर कसा सांभाळायचा, लूमवर धागा तुटायला लागला की दोष कुठे शोधायचा. हे तुमच्या हातात आणि डोक्यात बसलेलं कसब आहे. ते घेऊन तुम्ही धुळ्याला नाही तर कुठेही जा, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण मिक्सिंगच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो, व्यापाऱ्यांची यादी, कोणाला किती दिवसांची उधारी आणि कोणता भाव, ही शेठची मिळकत आहे. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा नाही, पण करारातली गुप्ततेची अट आणि विश्वासभंगाचं तत्त्व कोर्टं लागू करतात, आणि कलम २७ त्याच्या आड येत नाही.

शेतीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीचा सेल्समन होता. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या दुकानदारांची यादी, प्रत्येकाच्या उधारीच्या मर्यादेसकट, त्यानं राजीनाम्याच्या आदल्या रात्री पावणेबाराला कंपनीच्या ईमेलवरून स्वतःच्या ईमेलवर पाठवली. मी कंपनीकडून होतो. नोकरी करू नको असा हुकूम आम्हाला मिळाला नाही, मी मागितलाही नव्हता. ती यादी वापरायची नाही, हा मिळाला, पहिल्याच महिन्यात. पावणेबाराची ती वेळच कोर्टाला पुरेशी होती. गंमत म्हणजे त्यातली निम्मी दुकानं त्याला तोंडपाठ होती, पाठवायची गरजच नव्हती.

तेव्हा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कारखान्याचे कामाचे फोटो असतीलच. ते गुपचूप पुसू नका, त्यानंही संशय येतो. निघताना शेवटच्या दिवशी लेखी द्या की कारखान्याचं रजिस्टर, चाव्या, सिम, जे काही होतं ते परत केलं, माझ्याकडे नक्कल नाही. मग खरोखरच नक्कल ठेवू नका. जुन्या व्यापाऱ्यांना स्वतःहून फोन करून "आता मी इकडे आहे, माल इकडून घ्या" असं सुरुवातीचे काही महिने तरी टाळा. गिऱ्हाईक ओढू नये या अटीबाबत सगळ्या कोर्टांचा सूर एक नाही, उगाच परीक्षा बघू नका. व्यापारी आपणहून आला तर गोष्ट वेगळी.

एक बंदी मात्र कुठल्याच कायद्यात नाही आणि खान्देशात तीच सगळ्यात जास्त चालते. ती म्हणजे फोन. जळगावचा शेठ धुळ्याच्या शेठला फोन करतो: "आमचा माणूस घेताय म्हणे?" दोघे एकाच दाण्याच्या व्यापाऱ्याकडून माल घेतात, एकाच लग्नात जेवतात. ऑफर तिथेच संपते. बाँड इथे कागद म्हणून कामाला येतो, कोर्टात नव्हे. धुळ्याचा मालक कागद बघून घाबरतो की उद्या आपल्याला नोटीस येईल. यावर उपाय म्हणजे बाँड लपवू नका. नव्या मालकाला आधीच दाखवा, सोबत कोणा वकिलाचं एक पानी मत जोडा. ज्याला माहीत आहे तो फोन आला तरी डगमगत नाही. ज्याला नंतर कळतं त्याला फसवल्यासारखं वाटतं.

शेठचीही बाजू आहे हो. माणूस तीन वर्षं शिकवायचा आणि शेजारच्या प्लॉटवाल्यानं चार हजार जास्त देऊन उचलायचा, याचा राग खोटा नसतो. माझ्याकडे येणाऱ्या मालकांना मी सांगतो की बंदी लिहू नका. दोन महिन्यांचा नोटीस पिरियड लिहा, गुप्तता नीट लिहा, आणि चांगल्या माणसाचा पगार तो मागायच्या आधी वाढवा. पहिल्या दोन गोष्टी ऐकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बायकोच्या नावावर लूम आत्ता टाकू नका. नोकरी चालू असताना मालकाच्या धंद्याला स्पर्धा करणं हा खराखुरा करारभंग आहे. ती अट टिकते, नावं बदलल्यानं लपत नाही. दाण्याच्या बिलावर, वीज मीटरच्या अर्जावर तुमचाच मोबाईल नंबर असणार. नोकरी रीतसर सोडल्यावर मात्र स्वतःच्या नावावर उघडपणे टाका. कलम २७ जसं नोकरीला, तसंच धंद्यालाही लागतं.

पैशांचंही बघा. ७ वर्षं झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी लागू आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७. तुमचे २२ हजार सगळे त्यातच धरले तर सुमारे ८८ हजार ८०० रुपये होतात. दुसरीकडे जातो म्हणून ती अडवता येत नाही. अडवायची ठरलेली कारणं कायद्यात आहेत, मालमत्तेचं नुकसान, दंगामस्ती, नैतिक अधःपतनाचा गुन्हा, त्यांत हे नाही. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख शेठनं टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते.

शेवटी क्रम सांगतो. आधी धुळ्याचं नेमणूक पत्र हातात घ्या, तोंडी ३१ हजारांवर विश्वासू नका. मग चेकांचं पत्र. त्यानंतर राजीनामा, ईमेलनं आणि हातोहात दोन्ही, नोटीस पिरियड पूर्ण करून. न सांगता कामावर जाणं बंद करू नका, तुमची सगळी बाजू तिथेच दुबळी होते. राजीनाम्याच्याच आठवड्यात जळगावच्या दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाका, म्हणजे शेठनं मनाईचा अर्ज केला तर तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होणार नाही. कॅव्हेट ९० दिवस चालतं. दिवस मोजून ठेवा, संपलं की नवीन टाका.